सोबत नेता येतील असे गोल किती?

प्रश्न थोडक्यात असा: वय २१, फुटबॉलमध्ये सेंटर फॉरवर्ड, म्हणजे पुढे मधोमध खेळून गोल करणारा स्ट्रायकर. मायदेशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये गेल्या सीझनला १५ गोल, या सीझनच्या पहिल्या अर्ध्यात ७. सध्याचा करार याच सीझनअखेर संपतो आणि क्लब आणखी तीन वर्षांचा करार द्यायला तयार आहे. अशात परदेशातल्या दुसऱ्या श्रेणीच्या एका क्लबकडून विचारणा आली. त्यांना माणूस लगेच, हिवाळी विंडोतच (सीझनच्या मधोमध खेळाडू घेता येतात त्या काळात) हवा आहे. दोन वर्षांचा करार, तिसरं वर्ष क्लबच्या मर्जीवर, पगार आताच्या अडीचपट. एजंट म्हणतो आठ दिवसांत हो की नाही ते सांग. वडील म्हणतात जा, कोच म्हणतात थांब. सर, काय करू?

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे पुढचं कितपत मनावर घ्यायचं ते तुला ठरवता येईल. मी १४ वर्षं सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळून पोट भरलं. ८ वर्षं मायदेशात, ६ परदेशात. परदेशात तीन क्लब झाले. पहिल्यात सपशेल आपटलो, दुसऱ्यात माझ्या नावाचं गाणं स्टँडमध्ये म्हटलं जायचं, तिसऱ्यात गुडघा गेला. आता फक्त स्ट्रायकरना शिकवतो.

वडील पगाराकडे बघतायत, कोच स्वतःच्या टीमकडे बघतायत, दोघांचंही चूक नाही. एजंटचं काय ते पुढे बोलू. पण तुझ्या पत्रात एक प्रश्न कोणीच विचारलेला दिसत नाही: तिकडे बॉल तुझ्यापर्यंत कोण आणणार?

तू १५ गोलांचे व्हिडिओ पाठवलेस ते फार बरं केलंस. मी वही घेऊन बसलो आणि गोल वेगळे काढले. चार पेनल्टी. त्या बाजूला ठेव. पेनल्टी कोणीही मारो, चारातल्या तीन जातातच, आणि नव्या क्लबात त्या मारणारा माणूस आधीच ठरलेला असतो. नवीन आलेल्या पोराच्या हातात कोणी बॉल देत नाही. राहिले ११. त्यात सहा हेडर, आणि सहाच्या सहा एकाच माणसाच्या उजव्या पायाच्या क्रॉसवर, म्हणजे कडेने गोलसमोर टाकलेल्या बॉलवर, मागच्या पोस्टला (गोलच्या पलीकडच्या खांबाशी). तुमची उडी सुंदर जुळली आहे, पण कडेने खेळणारा तो विंगर तुझ्याबरोबर विमानात बसणार नाहीये. राहिले पाच. दोन गोलीच्या हातून सुटलेल्या बॉलवर, दोन डिफेन्सच्या पाठीमागे पळून, एक बॉक्सच्या बाहेरून. हे पाच तुझे स्वतःचे. कुठल्याही देशात, कुठल्याही टीममध्ये सोबत नेता येतील असे.

वाईट वाटून घेऊ नकोस. पाच हा २१व्या वर्षी बरा आकडा आहे. माझा त्या वयात तीन होता, फक्त तेव्हा मला असं मोजायला कोणी शिकवलं नव्हतं.

मोठ्यांचंही याहून वेगळं नसतं. मारिओ जार्देल हा ब्राझीलचा स्ट्रायकर पोर्तुगालमध्ये गोलांचं यंत्र होता. युरोपातला सर्वाधिक गोलांचा गोल्डन शू त्याने दोनदा घेतला, १९९९ मध्ये पोर्टोकडून आणि २००२ मध्ये स्पोर्टिंगकडून. त्याचा जीव क्रॉसमध्ये होता. २००३ मध्ये तो इंग्लंडला बोल्टनकडे गेला आणि लीगमध्ये एकही गोल करू शकला नाही. तोवर शरीरही साथ देईनासं झालं होतं, त्यामुळे सगळा दोष क्रॉसच्या अंगावर टाकता येणार नाही. म्हणून दुसरं उदाहरण घेऊ. अफोन्सो आल्वेसने नेदरलँड्समध्ये हीरेनवेनकडून २००६-०७ च्या सीझनला लीगमध्ये ३४ गोल केले. २००८ च्या जानेवारीत, म्हणजे तुला बोलावतायत त्याच विंडोत, इंग्लंडच्या मिडल्सब्रोने त्याला घेतलं. दीड सीझनमध्ये लीगचे १० गोल झाले आणि २००९ मध्ये क्लब खालच्या श्रेणीत गेला. मग लोक म्हणू लागले, डच लीगचे गोल स्वस्त असतात.

तसं असतं तर लुइस सुआरेझचं काय? तोही तिथूनच आला. आयाक्सकडून २००९-१० मध्ये लीगचे ३५ गोल, २०११ च्या जानेवारीत लिव्हरपूल, आणि २०१३-१४ मध्ये प्रीमियर लीगमध्ये ३१ गोल. त्या ३१ मध्ये एकही पेनल्टी नाही. सुआरेझ स्वतःचे गोल स्वतः घडवायचा, डिफेंडरच्या अंगावर जाऊन, त्याच्या पायांमधून बॉल काढून. त्याला सप्लाय कमी पडला तरी चालायचं. अशी माणसं फार थोडी. तू अजून तसा नाहीस, मी तर कधीच नव्हतो.

माझी फजिती सांगतो. मायदेशातल्या शेवटच्या सीझनला माझे १७ गोल होते. आमचा डावा विंगर गोललाइनपर्यंत जाऊन बॉल मागे ओढायचा, मी पेनल्टी स्पॉटच्या आसपास एक पाऊल थांबायचो आणि ढकलून द्यायचो. १७ पैकी ९ गोल तेच. बाहेरून बोलावणं आलं, मी दोन दिवसांत सही केली. तिथे पोचल्यावर कळलं की टीम ५-३-२ (पाच डिफेंडर, तीन मिडफिल्डर, दोन फॉरवर्ड) खेळते आणि विंगर हा प्रकारच नाही. बॉल पाठीमागून उंचावरून यायचा. माझं काम काय, तर सहा फूट तीन इंचाच्या सेंटर बॅकशी खांदा लावायचा, बॉल छातीवर घ्यायचा आणि धावत येणाऱ्या मिडफिल्डरला द्यायचा. १८ महिन्यांत ४ गोल. तिथल्या एका बातमीदाराने लिहिलं की याला गोल कुठे आहे ते दिसत नाही. गोल दिसत होता हो, बॉल दिसत नव्हता! पण हे कोणाला सांगणार? स्ट्रायकरने सप्लायची तक्रार केली की ड्रेसिंग रूममध्ये त्याचं काही खरं नसतं.

दुसरा क्लब त्याहून लहान होता, पगार कमी होता. पण लेफ्ट बॅक असा होता की डोळे मिटून क्रॉस टाकायचा आणि बॉल नेमका गोली आणि डिफेंडर यांच्या मधल्या पट्ट्यात पडायचा. पहिल्याच वर्षी १३ गोल. पाय तेच, डोकं तेच.

तर आठ दिवसांतले पहिले दोन दिवस यात घाल. त्या क्लबच्या शेवटच्या पाच मॅच पूर्ण मिळव, हायलाइट्स नकोत. हायलाइट्समध्ये फक्त झालेले गोल दिसतात आणि तुला न आलेले बॉल बघायचे आहेत. कागदावर त्यांच्या सध्याच्या स्ट्रायकरचे बॉक्समधले टच मोज. क्रॉस कुठल्या बाजूने येतात, गोललाइनजवळून की ३० यार्डांवरून, हे लिहून ठेव. गोललाइनजवळून मागे आलेला बॉल सोन्यासारखा, कारण डिफेंडर स्वतःच्या गोलकडे तोंड करून पळत असतात. ३० यार्डांवरून फुगवून टाकलेला क्रॉस म्हणजे बहुतेक वेळा समोरच्या सेंटर बॅकचा सराव. बॉल जिंकला की पहिले दोन पास पुढे जातात की आडवे, तेही बघ. डिफेन्सच्या मागे पळणाऱ्याला आडवे पास काय कामाचे? तू धाव घेतोस, डिफेन्सची लाइन वर येते, तू ऑफसाइड, म्हणजे नियमबाह्य जागी. असं मॅचमध्ये १० वेळा झालं की अकराव्या वेळी तू धावत नाहीस, आणि नेमका तोच बॉल येतो.

थोडं गणितही कर. मोठ्या लीगांमध्येसुद्धा सगळे शॉट धरले तर साधारण दहाला एक गोल पडतो. स्ट्रायकर जवळून मारतो, म्हणून त्याचं जरा बरं, समज सहा-सातला एक. वर्षाला १२ गोल हवे असतील तर ७५-८० शॉट लागतील, ३० मॅचमध्ये धरले तर मॅचला अडीच. त्या पाच मॅचमध्ये त्यांच्या स्ट्रायकरला मॅचमागे एकच शॉट मिळत असेल, तर तू कितीही चांगला खेळलास तरी चार-पाच गोलांवर थांबशील आणि सगळे म्हणतील पोराला बाहेर जमलं नाही.

आता तुझ्या पत्रातली एक ओळ, जी तू सहज लिहून गेलास: "त्यांचा स्ट्रायकर जायबंदी आहे आणि ते खालून तिसरे आहेत." या एका ओळीत सगळं आलं. खालून तिसरी टीम म्हणजे चान्स कमी तयार करणारी टीम. जायबंदी स्ट्रायकर म्हणजे ऑगस्टमध्ये परतणारा माणूस, बहुधा तुझ्यापेक्षा मोठ्या पगारावर. हिवाळी विंडो म्हणजे प्री-सीझनचा सराव नाही, ओळखपाळख नाही, सोमवारी उतरायचं आणि शनिवारी गोल द्यायचा. पी हळद नि हो गोरी. शिवाय तू तुझ्या लीगचा अर्धा सीझन खेळून थकलेला आणि ते हिवाळ्यातल्या जड मैदानावर रेलिगेशन (खालच्या श्रेणीत घसरणं) टाळायला धडपडणारे. वाचले तर श्रेय कोचला, बुडाले तर नवीन आणलेला स्ट्रायकर. आणि बुडाले की तो कोच जातो. तुला पसंत करणारा माणूसच जागेवर नसतो, मग मे महिन्यात येणारा नवा कोच विचारतो, हा कोणी आणला?

परदेशी खेळाडू म्हणून गेलास की आणखी एक गोष्ट बदलते, ती पहिल्यांदा जाणाऱ्याला कोणी सांगत नाही. कितीतरी लीगांमध्ये परदेशी खेळाडूंचा कोटा असतो. त्या मोजक्या जागांपैकी एक तू अडवलेली असते. घरी तू पाच मॅच गोलशिवाय खेळलास तर लोक म्हणतात, आपलाच पोरगा आहे, येईल फॉर्म. तिकडे तिसऱ्या मॅचनंतर हिशोब सुरू होतो. याचीच दुसरी बाजू तू घरी भोगतो आहेस. बहुतेक क्लब परदेशी जागा स्ट्रायकरवर खर्च करतात आणि घरच्या फॉरवर्डला विंगवर ढकलतात. तुझ्या क्लबने तसं केलेलं नाही, तुला मधोमध खेळवलं. याची किंमत पगारात धरता येत नाही, पण आहे.

रॉबर्ट लेवान्डोव्स्कीचा रस्ता नीट बघ, मला तो सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. २००६ मध्ये दुखापतीतून जाताना वॉर्साच्या लेगिया क्लबने त्याला सोडून दिलं. तो ज्निच प्रुश्कूफ या लहान क्लबात गेला. तिथे पोलंडच्या तिसऱ्या श्रेणीत सर्वाधिक गोल, मग दुसऱ्या श्रेणीत सर्वाधिक, मग लेख पोझनानकडून २००९-१० मध्ये पहिल्या श्रेणीत सर्वाधिक. एकेक पायरी पूर्ण चढून मगच २०१० च्या उन्हाळ्यात तो जर्मनीत डॉर्टमुंडला गेला. उन्हाळ्यात, हे लक्षात घे. तिथे उजव्या बाजूला ब्वाश्चिकोव्स्की आणि पिश्चेक हे दोघे त्याच्याच देशाचे होते. म्हणजे बॉल देणारे त्याच्या भाषेत बोलणारे. एवढं सगळं जुळून आलं तरी पहिल्या सीझनला लीगमध्ये ८ गोल. मधली जागा लुकास बारिओसची होती, हा बहुतेक वेळा बदली म्हणून किंवा त्याच्या मागे खेळायचा. २०११ च्या कोपा अमेरिकेत बारिओस जायबंदी झाला, जागा मोकळी झाली आणि त्या सीझनला लेवान्डोव्स्कीचे २२ गोल झाले. २०१४ मध्ये करार संपवून, कोणालाही ट्रान्सफर फी न मोजायला लावता, बायर्नला गेला. २०२०-२१ मध्ये ४१ गोल करून गेर्ड म्युलरचा जर्मन लीगमधला एका सीझनच्या ४० गोलांचा जुना विक्रम मोडला.

मी हे सांगतो ते पहिल्या वर्षाच्या ८ गोलांसाठी. डॉर्टमुंड त्या वर्षी वर होता, लीग जिंकली, म्हणून ८ गोलांचा तरुण स्ट्रायकर त्यांना परवडला. खालून तिसऱ्या क्लबला तुझं शिकण्याचं वर्ष परवडत नाही.

वयाची घाई नको. दिदिए द्रोग्बाने पहिला व्यावसायिक करार २१व्या वर्षी केला, फ्रान्समधल्या ल मान्ससारख्या लहान क्लबात. चेल्सीला पोचला तेव्हा २६ वर्षांचा होता. जेमी वार्डी २५व्या वर्षापर्यंत इंग्लंडच्या लीगच्या बाहेरच्या फुटबॉलमध्ये खेळत होता. २०१२ मध्ये फ्लीटवूडहून लेस्टरला गेला आणि तीन-साडेतीन वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये सलग ११ मॅचमध्ये गोल केले. लुका टोनी तर ३८व्या वर्षी, २०१४-१५ मध्ये, वेरोनाकडून इटलीच्या लीगचा संयुक्त सर्वाधिक गोल करणारा ठरला. विंगरचा पाय गेला की संपलं. स्ट्रायकरचा पाय गेला तरी जागा हेरण्याची नजर राहते, उलट वाढते.

भाषेबद्दल थोडं, कारण इथे मी स्वतः मार खाल्लाय. लोक सांगतात तिथली भाषा शीक, म्हणजे बाजारहाट करता येईल, एकटं वाटणार नाही. ते आहेच. पण स्ट्रायकरला भाषा बॉलसाठी लागते. माझ्या पहिल्या परदेशी क्लबात उजवा मिडफिल्डर क्रॉस टाकायच्या आधी एक शब्द ओरडायचा. मला वाटायचं माझं लक्ष वेधतोय. चार महिन्यांनी कळलं, त्याचा अर्थ "पहिली पोस्ट". मी तोवर इमानेइतबारे मागच्या पोस्टला जात होतो आणि तो मला आळशी समजत होता. जाण्याआधी मैदानावरचे वीसेक शब्द पाठ कर: पहिली पोस्ट, मागची पोस्ट, पायात दे, मागे टाक, वळ, माणूस आहे, वेळ आहे, सोड, एकच टच. व्याकरण नंतर येतं. आणि पहिल्याच आठवड्यात क्रॉस टाकणाऱ्याला जेवायला घेऊन जा, कॅप्टनला नंतर नेलं तरी चालेल. सराव संपल्यावर त्याच्याबरोबर रोज २० बॉल. तो किती पावलं टाकल्यावर मान वर करतो ते कळलं, की तुझी धाव कधी सुरू करायची ते कळलं. बाकी सगळी कोचिंगची पुस्तकं याच्यानंतर.

त्या परदेशी क्लबच्या कोचला फोनवर एकच विचार: तुमच्या स्ट्रायकरने बॉल आपल्याकडे नसताना काय करायचं? उत्तर लांबलचक आलं, तर तो तुला गोलासाठी घेत नाहीये. त्यात वाईट काही नाही. २०१८ चा वर्ल्ड कप फ्रान्सने जिंकला, त्यात ऑलिव्हिए जिरूने एकही गोल केला नाही, गोलच्या चौकटीत एकही शॉट मारला नाही, तरी तो खेळत राहिला, कारण त्याच्या अंगावर दोन-दोन डिफेंडर अडकायचे आणि बाकीच्यांना जागा मिळायची. पण जिरूच्या खात्यात तोवर मोंपेलिएला लीग जिंकून देणारे २०११-१२ चे २१ गोल आणि आर्सेनलची वर्षं जमा होती. तुझ्या खात्यात अजून तेवढी शिल्लक नाही. बिनगोलाचा चांगला स्ट्रायकर ही पदवी तिशीतल्या माणसाला मिळते, २१ वर्षांच्या पोराला बेंच मिळतो.

आता कागद. फिफाचा नियम असा आहे की करार संपायला सहा महिने किंवा त्याहून कमी उरले असतील, तर खेळाडू दुसऱ्या क्लबशी करार करायला मोकळा असतो. नव्या क्लबने फक्त बोलणीआधी सध्याच्या क्लबला लेखी कळवायचं. तुझा करार सीझनअखेर संपतो. म्हणजे हिवाळी विंडो उघडेल त्या सुमाराला तू बोलावणाऱ्या या परदेशी क्लबशी, किंवा आणखी कोणाशी, उन्हाळ्यापासून लागू होणारा करार करू शकतोस आणि ट्रान्सफर फीचा प्रश्न उरत नाही. तुझ्या एजंटला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. मग आत्ताच जायची घाई का, हे त्याला विचार. क्लब फी मोजणार आहे का, त्यातलं त्याला काय मिळणार आहे, दोन्ही बाजूंकडून पैसे घेतोय का, सगळं लेखी माग. त्याच्याकडे फिफाचा परवाना आहे का तेही बघ. एजंट वाईटच असतात असं माझं म्हणणं नाही. माझा दुसरा एजंट भला माणूस होता, त्याने मला एका मोठ्या पगारापासून परावृत्त केलं होतं. पण आठ दिवसांची मुदत खेळाडूच्या सोयीसाठी कधीच नसते.

फुकट जातोय म्हणून नव्या क्लबला काहीच मोजावं लागणार नाही, असंही नाही. २३ वर्षं पूर्ण होतील त्या वर्षाच्या अखेरपर्यंत खेळाडू दुसऱ्या देशात गेला, की त्याला घडवणाऱ्या आधीच्या क्लबला सहसा प्रशिक्षणाची भरपाई द्यावी लागते. करार संपलेला असला तरी. लहान परदेशी क्लब कधीकधी शेवटच्या क्षणी इथेच अडतात आणि खेळाडू अधांतरी राहतो. म्हणून त्यांना आधीच विचार, हा आकडा काढलाय का?

कराराची वैधता मेडिकलवर किंवा वर्क परमिटवर अवलंबून ठेवायला फिफाच्या नियमांत परवानगी नाही. मेडिकल सहीच्या आधी व्हायला हवं. माझ्या तिसऱ्या क्लबने माझी सही घेतली, मग गुडघ्याचे फोटो बघून पगार कमी करायला निघाले. मला हा नियम ठाऊक नव्हता, मी मान खाली घालून नवा आकडा मान्य केला. तुला आता ठाऊक आहे. पगार थकला तर भांडत बसू नकोस. दोन महिन्यांचे पगार थकले, की लेखी नोटीस देऊन कमीत कमी १५ दिवसांची मुदत द्यायची. तरीही मिळाले नाहीत तर करार मोडायला ते रास्त कारण ठरतं. प्रत्येक पगाराची तारीख वहीत लिहून ठेव, कारण असल्या प्रकरणात वहीच कामी येते.

अडीचपट पगार म्हणतोस, तो कर कापून की कापण्याआधी? घर कोणाचं? विमा कोणाचा? श्रेणी घसरली तर पगार किती कापतात? खालून तिसऱ्या क्लबच्या करारात हे कलम नसेल तर मला आश्चर्य वाटेल. आणि ते तिसरं वर्ष, क्लबच्या मर्जीवरचं. तू गोल केलेस तर ते तुला जुन्याच पगारात अडकवतील, नाही केलेस तर सोडून देतील. नाणं त्यांचं, छापा त्यांचा, काटाही त्यांचा. ते वर्ष दोघांच्या संमतीने ठेवा म्हणावं, किंवा ठरावीक मॅच खेळल्यास वाढीव पगारावर.

शरीराचं मी फार लिहीत नाही, तुझे फिजिओ जास्त जाणतात. एवढंच, की व्यावसायिक फुटबॉलमध्ये स्नायूंच्या दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा (मांडीच्या मागच्या स्नायूंचा) नंबर पहिला आणि ती बहुतेक पूर्ण वेगाने पळताना जाते, म्हणजे तुझ्याच धंद्यात. क्लब बदलला, सरावाचा भार एकदम बदलला, मैदान बदललं, की धोका वाढतो. हॅमस्ट्रिंग मजबूत करणारे नॉर्डिकचे व्यायाम कंटाळवाणे आहेत, तरी सोडू नकोस. गुडघा गेलाच तर सगळं संपत नाही. रूड व्हान निस्टलरॉयचा गुडघा २००० मध्ये मँचेस्टर युनायटेडला जाता जाता गेला, क्लब एक वर्ष थांबला, २००१ मध्ये त्याला घेतलं आणि पहिल्याच सीझनला त्याने लीगमध्ये २३ गोल केले. पण त्याच्यासाठी क्लब थांबला. माझ्यासाठी कोणी थांबलं नाही, आणि तुझ्यासाठी थांबेल असं धरून चालू नकोस. कमाईच्या पहिल्या वर्षापासून करिअर संपवणाऱ्या दुखापतीचा स्वतःचा विमा काढ.

परत यावं लागलं तर? तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त भीती मला याचीच दिसली. लिव्हरपूलचा इयन रश १९८७ मध्ये इटलीत युव्हेंटसला गेला, लीगमध्ये ७ गोल करून वर्षभरात लिव्हरपूलला परतला आणि पुढे आठ वर्षं तिथे गोल करत राहिला. सुनील छेत्री २०१० मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेला, २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या बी टीममध्ये, दोन्हीकडे फारसं खेळायला मिळालं नाही. देशासाठी नव्वदहून जास्त गोल केले ते त्याने घरच्या मैदानांवर खेळता खेळता. परतण्यात नामुष्की नाही. नुकसान होतं ते बेंचवर दोन वर्षं बसून परतण्यात. स्ट्रायकरचं टायमिंग मॅचमध्येच धारदार राहतं, सरावात कितीही गोल केलेस तरी ते बोथट होतं. म्हणून पगाराच्या आकड्याआधी मिनिटांचा आकडा विचार.

तुझ्या जागी मी असतो तर ही ऑफर जशी आहे तशी घेतली नसती. त्या परदेशी क्लबला कळवलं असतं: मला यायला आवडेल, उन्हाळ्यात, प्री-सीझनपासून, तिसरं वर्ष दोघांच्या संमतीने. त्यांना माणूस म्हणून तू हवा असशील तर ते थांबतील. फक्त जायबंदी स्ट्रायकरच्या जागी कोणीतरी हवा असेल, तर दोन दिवसांत दुसऱ्याला घेतील आणि तुझं उत्तर तुला मिळेल. घरच्या क्लबच्या तीन वर्षांच्या करारावरही डोळे मिटून सही करू नकोस. परदेशी क्लबसाठी ठरावीक रकमेचा रिलीज क्लॉज (ती रक्कम भरली की तुला सोडावंच लागेल असं कलम) त्यात टाकून घे, आणि रक्कम अशी ठेव की दुसऱ्या श्रेणीचा क्लबही भरू शकेल. क्लबला पटवणं तितकं अवघड नाही. करार न होता तू सीझनअखेर गेलास तर त्यांच्या हाती प्रशिक्षणाच्या भरपाईपलीकडे फारसं काही लागणार नाही, हे त्यांना चांगलं माहीत आहे. कोचना दुखवायची गरज नाही. त्यांना सरळ सांग की मी उरलेला अर्धा सीझन इथेच खेळतोय आणि या काळात मला डाव्या बाजूच्या क्रॉसवर पहिल्या पोस्टला गोल करायचे आहेत. ते खूश होतील, आणि सोबत नेता येतील असे गोल पाचाचे आठ झाले तर उन्हाळ्यात बोलावणारे क्लबही वेगळे असतील.

यात एकच अपवाद मी करीन. त्या पाच मॅच बघताना त्यांचा लेफ्ट बॅक किंवा डावा विंगर गोललाइनपर्यंत जाऊन बॉल मागे ओढताना दिसला, एकदा-दोनदा नव्हे, प्रत्येक मॅचमध्ये चार-पाच वेळा, आणि पेनल्टी स्पॉटजवळ कोणी नाही म्हणून बॉल वाया जाताना दिसला, तर मला लगेच फोन कर. खालून तिसऱ्या असल्या तरी काही टीम केवळ शेवटचा टच नाही म्हणून खाली असतात. तसं असेल तर जानेवारीतसुद्धा जाण्यात अर्थ आहे, आणि मग बाकीच्या अटींवर बोलू.

व्हिडिओ मिळायला अडचण आली तर त्या क्लबच्या अ‍ॅनालिस्टला थेट लिही. तुला घ्यायचंच असेल तर तो एका दिवसात पाठवेल.